घाबरू नका, चहा आहे

अमेरिकेत, शॉमबर्ग गावातल्या त्या घराचं बेसमेंट भाड्यानं बघायला गेले, तेव्हा घरमालक काकांनी मला एकच प्रश्न विचारला. पगार किती, स्वयंपाकात काय काय करतेस, मित्रमंडळी किती येणार, यातलं काही नाही.

"इंडियातून कुठल्या विमानानं आलीस?"

मी विमान कंपनीचं नाव सांगितलं.

"ते आडनाव झालं. विमान कुठलं?"

"मोठं होतं," मी म्हणाले. काका वाट बघत राहिले, म्हणून मी डोकं खाजवून आणखी सांगितलं, "पांढरं होतं."

काकांनी काकूंकडे पाहिलं. मुलीला स्वतःच्या आजोळच्या गावाचं नाव सांगता येऊ नये, तसं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं. काकू म्हणाल्या, "अहो, तिला आधी बाथरूम दाखवा. विमान नंतर." बाथरूम चांगली होती. मी तिथे तीन वर्षं राहिले. आता नोकरीमुळे कॅरीला, दुसऱ्या गावी असते, पण डोक्यावरून विमान गेलं की मान आपोआप वर होते. ही खोड मला त्या घरातून लागली.

काका काही विमानातले नव्हते. मूळचे नागपूरचे, पंप बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून सगळी नोकरी झालेली. विमानाशी पोटापाण्याचा संबंध शून्य. पण अमेरिकेतल्या झाडून सगळ्या विमान कंपन्या, माणसं नेणाऱ्या आणि माल नेणाऱ्या, त्यांच्या वह्यांत बसवलेल्या होत्या. वह्यासुद्धा साध्या नाहीत, इंडियातून मागवलेल्या, जाड पुठ्ठ्याच्या, लाल कापडी पाठीच्या. कोणाचे आईवडील येणार असले की त्यांच्या बॅगेत काकांच्या दोन वह्या ठरलेल्या. लोकांकडे लोणचं यायचं, यांच्याकडे कोरे कागद यायचे.

प्रत्येक कंपनीला एक वही, आणि पहिल्या पानावर कंपनीची माहिती. ती लिहायची पद्धत त्यांनी वधू-वर मेळाव्याच्या फॉर्मवरून उचलली होती. नाव, जन्म, मूळ गाव, सध्याचा मुक्काम, वर्ण, भावंडं, स्वभाव. काका कुंडली, मुहूर्त असलं काही मानत नसत, त्यांच्या स्वतःच्या लग्नात कोणी पत्रिका पाहिली नव्हती. पण कुठलं विमान कारखान्यातून पहिल्यांदा कधी उडालं, ती तारीख तोंडपाठ. निळ्या शेपटीच्या एका कंपनीच्या स्वभावात लिहिलं होतं, "दिसायला चांगली. वेळ पाळते. सामान विसरते." एका स्वस्तातल्या कंपनीबद्दल, "बोलावणं आपुलकीचं, पण पाट-पाणी घरून आणायला सांगते." दोन कंपन्या एक झाल्या की लहान कंपनीच्या वहीत शेवटचं वाक्य यायचं, "अमुक साली तिकडे दिली. नाव बदललं." मग ती वही खालच्या कप्प्यात जायची.

त्याच्यापुढे विमानांची यादी. शेपटीजवळ लिहिलेला नंबर, वय, आधी कोणाकडे होतं, आता कोणाकडे आहे, तब्येत कशी आहे.

माल नेणाऱ्या कंपन्यांचं कपाट वेगळं होतं, आणि त्यांच्याबद्दल बोलताना काकांचा आवाज बदलायचा. "प्रवासी कंपन्या गोड बोलतात," ते म्हणत. "मालवाल्या काम करतात. खोक्याला कोणी शेंगदाणे देत नाही, तरी ते कधी तक्रार करत नाही." प्रवासी विमान म्हातारं झालं की त्याच्या खुर्च्या काढतात, खिडक्या बुजवतात, बाजूला मोठं दार पाडतात आणि खोकी न्यायला लावतात, हे मला त्यांनीच सांगितलं. "रिटायर झाल्यावर दुसरी नोकरी," ते म्हणाले. त्यांना स्वतःला रिटायर होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि काकूंनी त्यांना लॉनच्या कामाला लावलं होतं.

त्यांचा मुलगा सिॲटलहून फोनवर म्हणायचा, "डॅड, जस्ट यूज द ॲप. सगळं असतं त्यात."

"ॲपला काय माहीत?" काका म्हणत. "ॲप विमान कुठे आहे ते सांगतं. कसं आहे ते सांगतं का?" ॲप मात्र त्यांच्या फोनमध्ये होतं, आणि जेवताना ते टेबलाखाली धरून बघायचे. काकूंना ते माहीत होतं.

एकदा एका मैत्रिणीच्या लग्नाला मी कॅलिफोर्नियाला निघाले. काकांनी माझं तिकीट पाहिलं, वही पाहिली आणि एक चिठ्ठी हातात दिली. तीत माझ्या विमानाचं चरित्र होतं. तीन कंपन्या फिरलेलं, एकदा रंग बदललेलं, अलीकडेच नवीन खुर्च्या बसवलेलं. "आत गेल्यावर जरा बघ, खुर्च्या खरंच नवीन आहेत का," ते म्हणाले. मी भाबडेपणानं एअर होस्टेसला विचारलं, हे तेच विमान का, जे आधी दक्षिणेतल्या एका कंपनीकडे होतं? ती बाई आत गेली आणि आणखी एका बाईला घेऊन आली. दोघींनी मला बरं वाटतंय ना विचारलं, पाणी दिलं, आणि उतरेपर्यंत आळीपाळीनं माझ्याकडे लक्ष ठेवलं. खुर्च्या जुन्याच होत्या. तसं सांगितल्यावर काकांनी वहीत दुरुस्ती केली आणि कंसात लिहिलं, "प्रत्यक्ष बसून पाहिले." ते वाक्य माझ्या जोरावर होतं याचा मला उगाच अभिमान वाटला.

या सगळ्या वेडाचा गावाला एक फायदा होता. शॉमबर्गच्या आसपासच्या मराठी घरांत कोणाचेही आईवडील पहिल्यांदा येणार असले की त्यांना विमानतळावर घ्यायला काका जायचे. आयटीतल्या पोरांना मीटिंगा असतात, रिलीज असतात. काकांकडे व्हॅन होती आणि वेळ होता. पुण्याचे, मुंबईचे, नागपूरचे, सगळ्यांचे आईबाप त्यांनीच आणलेले. व्हॅनमध्ये दोन स्वेटर, एक घोंगडी आणि चहाचा थर्मास. हातात पुठ्ठ्याची पाटी, त्यावर ठळक मराठीत पाहुण्यांचं नाव आणि खाली एक कायमची ओळ, "घाबरू नका, चहा आहे."

आणि एक नियम. पाहुणा बाहेर येईल तेव्हा काका समोर हवेत. पाहुण्यानं एक मिनिटही एकटं उभं राहायचं नाही. इतक्या वर्षांत एकदाही चुकलं नाही, असं ते अधूनमधून सांगायचे.

"एकदा चुकलं," काकू स्वयंपाकघरातून म्हणायच्या. मग काका वही उघडून बसायचे.

तो किस्सा काकूंनी मला कणीक मळता मळता सांगितला. लग्न झाल्यावर काका पुढे अमेरिकेला आले आणि वर्षानं काकू आल्या. एकट्या, पहिल्यांदाच विमानात बसलेल्या. काकांनी तिकिटावरची वेळ पाहिली आणि आपल्या हिशेबानं तासभर उशिरा निघाले. कारण गाडी वेळेवर येत नसते, हे माणसाला नागपूर स्टेशननं शिकवलेलं असतं. विमान उशिरा येतं इतपत त्यांना समजत होतं. विमान वेळेच्या आधीही येऊन बसतं हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. ते त्या दिवशी पाऊण तास आधी आलं. काकू सामान घेऊन दोन तास दारात उभ्या होत्या. फोन कसा लावायचा माहीत नाही, विचारायचं कसं माहीत नाही. शेवटी झाडलोट करणारी एक बाई त्यांच्या शेजारी येऊन बसली आणि काका येईपर्यंत हलली नाही.

"खूप रडली ती," काका बाहेरून म्हणाले.

"रडले नव्हते. उलट्या झाल्या होत्या म्हणून डोळे लाल होते," काकू म्हणाल्या. "सगळं विमान घाण केलं मी. आणि हे त्या विमानाची वही करून बसलेत."

हे खरं होतं. कपाटात एक वही अशी होती की जिच्यात एकच विमान होतं. डोक्यावर टेंगूळ असलेलं, दोन मजली, सातशे सत्तेचाळीस जातीचं जुनं विमान. नंबराचे शेवटचे आकडे दोन एक सात, म्हणून काका त्याला 'दोनशे सतरा' म्हणत. पहिल्या पानावर काकूंचं बोर्डिंग कार्ड चिकटवलेलं. काकू आल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी लायब्ररीत जाऊन काकांनी विमानांवरचं पहिलं पुस्तक आणलं होतं, आणि पुढचं सगळं वेड तिथून सुरू झालं. दोनशे सतरानं पुढे कंपनी बदलली, खिडक्या बुजवल्या गेल्या, ते खोकी वाहायला लागलं. नंबर मात्र तोच राहिला. आमच्या विमानतळावर ते अधूनमधून यायचं, पण भल्या पहाटे येऊन जायचं, आणि काका पोचेपर्यंत गेलेलं असायचं. इतक्या वर्षांत समोरासमोर गाठ एकदाही पडली नव्हती.

माझी आई येणार ठरली तेव्हा काकांना माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला. त्याला कारण होतं. आई अकोल्याच्या एस.टी. डेपोत बावीस वर्षं कंडक्टर होती. ड्युटीवर चढताना पहिलं काम म्हणजे कागदावर गाडीचा नंबर आणि वेळ लिहायची. नोकरी संपली, सवय गेली नाही. मी इथे सेकंडहँड कार घेतली आणि व्हिडिओ कॉलवर दाखवली, तर रंग छान आहे वगैरे काही नाही. "नंबर दाखव आधी," ती म्हणाली. आणि महिन्यानंतरही तो तिला पाठ होता. काकांनी हे ऐकलं तेव्हा ते कितीतरी वेळ मान हलवत होते.

"तुझी आई जाणती बाई आहे," ते म्हणाले. "तू कोणावर गेलीस?"

आईची सीट काकांनीच निवडली. उजवीकडची खिडकी, पंखाच्या मागे. मी म्हटलं, काका, तिचे गुडघे दुखतात, बाहेरची द्या. तर म्हणाले, "बावीस वर्षं उभ्यानं प्रवास केला बाईनं. खिडकी तिचा हक्क आहे." व्हीलचेअरही त्यांनीच सांगून ठेवली.

आई येण्याच्या चार दिवस आधी काकांच्या एका पोलिश मित्राचा फोन आला. तो माल चढवायच्या कामावर होता आणि काकांना बातम्या पुरवायचा. दोनशे सतरा शनिवारी इथून शेवटचं उडणार होतं. थेट वाळवंटात. तिथे म्हातारी विमानं नेऊन ठेवतात आणि सुटे भाग काढतात. निघण्याची वेळ दुपारी सव्वादोन. आईचं विमान त्याच शनिवारी साडेचारला.

"व्यवस्थित जमतं," काका म्हणाले. मग चष्मा पुसत माझ्याकडे न बघता म्हणाले, "ते हिला घेऊन आलं तेव्हा मी नव्हतो. जाताना तरी असावं माणसानं."

शनिवारी एक वाजता आम्ही तिघं विमानतळाच्या माल-बाजूला एका गोदामाच्या पार्किंग लॉटमध्ये हजर. काकूंनी घडीची खुर्ची आणि चिवडा आणला होता, आणि "मला त्याचं तोंडही बघायचं नाही" हे त्या वाटेत दोनदा म्हणाल्या होत्या. गोदामांच्या रांगेपलीकडे दोनशे सतराची फक्त शेपटी दिसत होती, नंबरसुद्धा आडोशाला. ते बाहेर आलं की आमच्या समोरूनच जाणार होतं. काकांनी दाढी केली होती आणि इस्त्रीचा शर्ट घातला होता.

सव्वादोन झाले. पावणेतीन झाले. मित्राचा मेसेज आला, काहीतरी कागद अडकलेत, थोडा वेळ. काकांनी चिवडा खाल्ला नाही.

तीन वाजून पाच मिनिटांनी काकांच्या फोनमधल्या ॲपनं आवाज केला. आईचं विमान उतरलं होतं. जवळजवळ दीड तास आधी.

काकांनी फोन पाहिला. मग ती शेपटी पाहिली. मग पुन्हा फोन.

"काका, थांबू या," मी म्हणाले. "तिला बाहेर यायला तास लागेल."

"व्हीलचेअर आहे. चाळीस मिनिटं. आपल्याला फिरून जायला, पार्क करायला पस्तीस."

"मग थांबेल पाच-दहा मिनिटं. अहो, एस.टी.त नोकरी केलीय तिनं. तिला थांबायची सवय आहे."

"त्या दारात थांबायची सवय कोणालाच नसते," काका म्हणाले, आणि पाटी घेऊन व्हॅनकडे निघाले. काकूंनी खुर्ची मिटली, चिवड्याचा डबा बंद केला आणि व्हॅनमध्ये बसताना एकदा मागे वळून पाहिलं. मी त्यांच्या शेजारी बसले. मला इतकं वाईट वाटत होतं की आईचं विमान उशिरा का आलं नाही म्हणून मी मनातून तिच्यावरच चिडले होते.

चाळिसाव्या मिनिटाला आम्ही दारासमोर उभे. काकांनी पाटी छातीशी धरलेली. चार वाजले, आई नाही. साडेचार वाजले, आई नाही. साडेचारच्या सुमारास मित्राचा मेसेज आला, मघाशीच गेलं. काकांनी तो वाचून फोन खिशात ठेवला आणि पाटी जरा सरळ केली. त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

पाच वाजता आई आली. व्हीलचेअरवर, मांडीवर पिशवी, मागे सामानाची गाडी. तिनं मला पाहिलं, पाटी पाहिली, पाटी पूर्ण वाचली आणि म्हणाली, "चहा कुठी आहे?"

चहा झाला. "जयभीम भाऊ, जयभीम ताई" झालं. उशीर का झाला ते व्हॅनमध्ये कळलं. अधिकाऱ्यानं विचारलं होतं, खायचं काही आहे का?

"मंग खोटं कायले बोलू?" आई म्हणाली. "सगळं सांगितलं. शेवया, कुरड्या, तिखट, लोणचं. बावीस वर्षांत मी कधी चेकिंगमध्ये सापडली नाही. त्यानं एकेक डबा उघडला. अन् भाऊ, तुमच्या दोन वह्या पाहून तर तो लईच गोंधळला. कोऱ्या वह्या कोण आणते म्हणे अमेरिकेत."

काका कसेबसे हसले. गाडी हायवेला लागली होती. आई खिडकीतून बाहेर बघत पुढे सांगत होती.

"त्याच्या आधी विमानातच वीस-पंचवीस मिनिटं गेली. उतरलं तं मधातच उभं केलं. जागा खाली नाही म्हणे. आपल्या डेपोसारखंच. मी आपली खिडकीतून पाहून राहिली. तं समोरून एक भलं मोठं विमान निघालं. डोक्यावर टेंगूळ. अन् खिडक्याच नाही त्याले. मी म्हटलं, बापा, याच्यात माणसं गुदमरत असतील."

काकूंचा हात माझ्या हातावर आला. काकांनी उजवीकडचा एक्झिट घेतला, पेट्रोल पंपाच्या कडेला व्हॅन उभी केली आणि इंजिन बंद केलं.

"ताई," ते म्हणाले. सीटवरून मागे वळून पुन्हा म्हणाले, "ताई, नंबर पाहिला का?"

"आता नंबर तं पाहतेच ना मी," आई म्हणाली. पर्समधून तिनं बोर्डिंग पास काढला. मागच्या बाजूला तिच्या बारीक, सरळ अक्षरात लिहिलेलं होतं. "शेवटी दोन, एक, सात. एक वाजून बावन्न मिनिटं. माझं घड्याळ अजून अकोल्याचंच आहे, तेवढं तुम्ही बदलून घ्या."

काकांनी बोटांवर मोजलं. तीन बावीस. ते कागद धरून बसले. चष्मा काढला, परत घातला, आणि मग काढूनच ठेवला.

"कसं होतं ते?" त्यांनी विचारलं. "तब्येत?"

"रंग उडाला होता जरा," आई म्हणाली. "पण चाल चांगली होती. खडखड नाही. आमच्याकडं अशी गाडी अजून धा वर्षं चालते."

काकांनी मान खाली घालून कागद पुन्हा वाचला. आईला वाटलं, आपण काही चुकीचं बोललो. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग काकूंकडे. "का हो ताई? कोणाचं होतं ते विमान?"

मला वाटलं, आता काकू उलट्यांची गोष्ट सांगणार. त्यांनी पुढे वाकून काकांच्या खांद्यावर हात ठेवला.

"माझं," त्या म्हणाल्या. "मी आले होते त्यातून."